दोन डब्यांची गाडी

गेल्या वर्षीं आमच्या छंदमंडळांतील मुलांनीं पैसे साठवून एक नमुन्याची आगगाडी विकत घेण्याचें ठरविलें, तेव्हां दोन प्रश्न उभे राहिले. पालक विचारूं लागले कीं, शाळेंत खेळण्यावर पैसा कां दवडावा? आणि मुलांमध्यें वाद माजला कीं, गाडी कोणती घ्यावी? बहुतेकांचा ओढा वाफेच्या भल्या मोठ्या एक्सप्रेस एंजिनाकडे होता. आम्हीं मात्र दोन डब्यांच्या साध्या डिझेल गाडीचा पक्ष घेतला. आज दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकत्रच देतां येईल, असें आम्हांस वाटतें.

या गाडीस डिझेल मल्टिपल युनिट म्हणतात. तिला निराळें एंजिन नसतें. यंत्रें डब्याच्या तळाशीं बसविलेलीं असतात व दोन्ही टोकांस चालकाची खोली असते. ब्रिटिश रेल्वेनें आपल्या अशा नव्या गाड्या १९५४ सालीं इंग्लंडांतील वेस्ट रायडिंग भागांत सुरू केल्या. वाफेच्या गाडीचें एंजिन शेवटच्या स्थानकावर सोडवून दुसऱ्या टोकास जोडावें लागे. येथें चालकानें एका खोलींतून दुसरींत जावें, कीं गाडी परत निघण्यास सिद्ध! आम्ही जिचा नमुना घेतला, ती १०८ वर्गाची गाडी १९५८ ते १९६१ या काळांत डर्बीच्या कारखान्यांत बांधली गेली.

आमच्यासारख्यांस हीच गाडी सोयीची. ओओ प्रमाणांत मूळच्या एका फुटास ४ मिलिमीटर धरितात. म्हणून सुमारें ५८ फुटांचा डबा २३ सेंटिमीटरांत बसतो व सबंध गाडी जवळजवळ अर्ध्या मीटरची होते. एंजिन फिरविण्याचें चक्र नको, कीं बाजूचा रूळ नको. दोन स्थानकें व मध्यें एक वळण एवढें पुरे. एका मुलानें हिशेब करून दाखविलें कीं, याच प्रमाणानें दोन रुळांतील अंतर १८.८ मिलिमीटर हवें, पण प्रत्यक्षांत तें १६.५ मिलिमीटरच असतें. पुस्तकांतील त्रैराशिकापेक्षां हें त्रैराशिक त्याच्या अधिक ध्यानांत राहील, यांत शंका नाहीं.

पैसे देण्यापूर्वीं दुकानांत गाडी दोन्ही दिशांस चालवून पाहिली. नमुन्यांत यंत्र एकाच डब्यांत असतें, दुसरा नुसता ओढला जातो. शाळेंत आल्यावर फळीवर रूळ मांडले, ते कोरड्या फडक्यानें पुसले, आणि नियामकांतून १२ व्होल्टचा प्रवाह दिला. घरांतील विजेची तार रुळांस कधींहि लावावयाची नाहीं, हें मुलांस प्रथम बजावलें.

तिसऱ्या दिवशीं मागचा डबा वळणावर घसरूं लागला. पुनः ठेवावा, पुनः घसरावा. पेटी वर्गांत आणण्याचें काम पांचवींतील एका मुलाकडे होतें. त्यानें ती पाडली असावी व चाकें वांकलीं असावीं, असें कोणी तरी बोललें, आणि पांच मिनिटांत तें सर्वांस खरें वाटूं लागलें. खेदाची गोष्ट ही कीं, आम्हांसहि तें खरें वाटलें, व आम्ही त्यास चार शब्द बोललों. मुलगा खालीं मान घालून उभा होता. थोड्या वेळानें तो हळूच म्हणाला, "सर, गाडी दर वेळीं एकाच जागीं पडते. चाक वांकडें असतें, तर ती कुठेंहि पडली असती."

आम्हीं वांकून त्या जागेवर बोट फिरविलें. दोन रुळांच्या सांध्यांत एका रुळाचें टोंक जोडपट्टीच्या आंत शिरण्याऐवजीं तिच्या वर चढलें होतें. नखास कळेल न कळेल एवढाच उंचवटा! आणि तो सांधा दुसऱ्या कोणीं नव्हे, आम्हींच बसविला होता. सर्व मुलांसमक्ष आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. रूळ नीट बसविला, आणि गाडी विनातक्रार वळण पार करून गेली.

पालकांच्या प्रश्नास आमचें उत्तर हेंच. आरोप करण्यापूर्वीं पुरावा पाहावा, दोष क्रमानें शोधावा, हें फळ्यावर कितीहि वेळां लिहिलें तरी आम्हां शिक्षकांच्याहि अंगीं बाणत नाहीं. तें त्या दुपारीं सर्वांनीं एकदम पाहिलें. एवढ्यासाठीं खर्चिलेला पैसा आम्हांस जड वाटत नाहीं. मोठें एंजिन घेतलें असतें, तर तें पाहण्यांतच वर्ष गेलें असतें. ही गाडी मुलांनीं स्वतः मांडली, बिघडली तशी दुरुस्तहि केली.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हीहि अशी गाडी घ्याल तर लहान घ्या, आणि रूळ स्वतःच्या हातांनीं मांडा. आम्ही शिक्षकांनीं मात्र एवढें स्मरावें कीं, मुलगा पुनःपुनः एकाच जागीं अडखळत असेल, तर त्याचीं चाकें तपासण्याआधीं आपण बसविलेल्या सांध्यावरून एकदां बोट फिरवावें.