विश्लेषण : दारू, मशेरी आणि पोटातले बाळ… ‘थोडीशी’ही का चालत नाही?

गरोदरपणात दारू पिऊ नये, हे सगळ्यांना माहीत असते. तरीही ‘घोटभर वाइनने काय होते?’, ‘मशेरी म्हणजे काही व्यसन नव्हे’ ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. प्रत्यक्षात बाळावर काय परिणाम होतो?

दारू बाळापर्यंत कशी पोहोचते?

आईच्या रक्तातील अल्कोहोल वारेतून बाळाच्या रक्तात जाते. थोड्याच वेळात दोघांच्या रक्तातील प्रमाण जवळपास सारखे होते. आईचे यकृत अल्कोहोलचा निचरा करू शकते; बाळाचे यकृत मात्र अजून घडतच असते. बिअर असो, वाइन असो की देशी, अल्कोहोल तेच.

परिणाम कोणते?

गर्भपात, मुदतपूर्व प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ हे धोके वाढतात. १९७३ मध्ये अमेरिकेतील डॉ. केनेथ जोन्स आणि डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी मद्यपी मातांच्या बाळांमधील समान लक्षणांना ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ असे नाव दिले. पातळ वरचा ओठ, डोळ्यांच्या लहान फटी आणि खुंटलेली वाढ ही त्यातली काही. मात्र दारूचा परिणाम झालेल्या बहुतेक मुलांचा चेहरा इतरांसारखाच असतो. बिघाड मेंदूत असतो आणि तो शाळेत गेल्यावर दिसतो. लक्ष लागत नाही, गणित जमत नाही, राग आवरत नाही. अशा मुलाला ‘मठ्ठ’ ठरवले जाते आणि खरे कारण कुणी शोधत नाही. हा परिणाम आयुष्यभर राहतो, पण तो पूर्णपणे टाळता येतो.

किती प्यायले तर चालते?

सुरक्षित मानता येईल असे प्रमाण आजवर सापडलेले नाही. नऊ महिन्यांतला सुरक्षित काळही नाही, कारण मेंदूची घडण शेवटपर्यंत सुरूच असते.

मशेरीचे काय?

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. त्यातील निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला होणारा रक्तपुरवठा घटतो. मुंबईतील १,२१७ महिलांचा अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या महिलांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाणही जास्त आढळले.

अमली पदार्थ घेतले असतील तर?

अफू, हेरॉइन यांसारख्या पदार्थांची सवय पोटातल्या बाळालाही लागते. जन्मानंतर पुरवठा तुटला की ते थरथरते, सतत कर्कश रडते, नीट दूध पीत नाही. मात्र असे पदार्थ किंवा रोजची भरपूर दारू मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे ठरते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावे.

मग अडते कुठे?

अमेरिकेत १९८९ पासून बाटलीवर गर्भवतींसाठी इशारा छापला जातो, फ्रान्समध्ये २००७ पासून. आपल्याकडे २०१९ पासून सक्तीच्या झालेल्या इशाऱ्यात आरोग्य आहे, वाहन चालवणे आहे. गरोदर बाई नाही. ती ओळ छापायला फारसा खर्च येत नाही.

दुसरी गरज आहे विचारण्याची. दर महिन्याच्या ९ तारखेला ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’त गर्भवतींची मोफत तपासणी होते. हिमोग्लोबिनइतक्याच सहजपणे ‘मशेरी लावता का? दारू घेता का?’ हे प्रत्येकीला विचारले गेले पाहिजे, तेही न रागावता. ओरडा बसेल या भीतीने बाई लपवते आणि किंमत बाळ मोजते. ज्या घरात नवरा रोज पितो, तिथे उपदेश एकट्या बायकोला करून भागणार नाही; त्यालाही समोर बसवावे लागेल.

दिवस गेल्याचे कळण्याआधी दारू घेतली गेली असेल, तर घाबरून लपवू नये. डॉक्टरांना सांगावे. कुठल्याही महिन्यात थांबले, तरी बाळाचा फायदाच होतो.

मदत कुठे मिळेल?
तंबाखू सोडण्यासाठी : १८००-११-२३५६
दारू व अमली पदार्थांसाठी : १४४४६