न जेवणाऱ्याचे ताट

अड्यार हा चेन्नईच्या दक्षिणेकडील एक जुना भाग. थिऑसॉफिकल सोसायटीने १८८२ साली अड्यार नदीच्या काठी आपले मुख्य ठाणे हलविले, तेव्हा हा परिसर शहराबाहेर होता. आज तो गजबजलेल्या शहराच्या पोटात आहे. १९५४ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने येथे कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि १९५९ मध्ये शेजारीच आयआयटी मद्रास ही संस्था उभी राहिली. त्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे अड्यारला येत असतात. कोणी मुलाला वसतिगृहात सोडायला येतो, कोणी आजारी माणसाला घेऊन येतो, कोणी नोकरीसाठी येऊन कायमचा राहतो. या माणसांत मराठी कुटुंबेही असतात. परक्या गावी सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायला जाणे हा त्यांच्यासाठी केवळ चैनीचा भाग नसतो. पुष्कळदा घरातील सगळी माणसे एका जागी बसण्याचे तेवढे एकच निमित्त उरलेले असते.

अशा एका परिचित कुटुंबाच्या बाबतीत घडलेली गोष्ट सांगण्यासारखी आहे. आईवडील, दोन मुले आणि आजी असे पाच जण एका रविवारी, ठरावीक दरात हवे तेवढे वाढून घ्या, अशा पद्धतीच्या उपाहारगृहात गेले. त्या दिवशी एकादशी होती. आजींचा उपवास होता आणि मांडलेल्या तीस-चाळीस पदार्थांत त्यांना चालेल असे काही नव्हते. त्यांनी ताट घेतले नाही; पाणी पिऊन, नातवंडांशी बोलत त्या तासभर बसल्या. बिल आले ते पाच माणसांचे. विचारले तेव्हा व्यवस्थापकाने नम्रपणे सांगितले की, आमच्याकडे दर माणशी आहे, ताटामागे नाही. कुटुंबाने पैसे दिले. घरी परतल्यावर आजी एवढेच म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी तुम्ही जाऊन या, मी घरीच थांबेन.’

बिलातील वाढीव रकमेपेक्षा मला हे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते. न जेवणाऱ्याचे पैसे घ्यावेत की नाही, हा वरवर पाहता चार-सहाशे रुपयांचा वाद आहे. पण जेवणाच्या जागी माणूस कशासाठी येतो आणि तेथे त्याची मोजदाद कशी करावी, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

आपल्या पंगतीत ही मोजदाद नव्हती. उपवासाचा माणूस पंगतीला आला तर यजमान त्याच्यासाठी दूध, केळी किंवा दाण्याचा लाडू आणून ठेवी, आणि तो इतरांच्या बरोबरीने पाटावर बसे. अर्थात पंगतीला किंमत नव्हती, म्हणून हिशेबही नव्हता, असे कोणी म्हणेल तर ते बरोबर आहे. पंगतीत कोणाला बसू द्यायचे आणि कोणाला नाही याचा हिशेब मात्र फार कठोर होता, हेही विसरता येत नाही. पैसे टाकील त्याला जेवण, ही उपाहारगृहाची रीत त्या मानाने कितीतरी उदार आहे.

याच तमिळ प्रदेशात मराठी माणसांनी चालविलेली एक वेगळी व्यवस्था मात्र आठवण्याजोगी आहे. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वराच्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे, म्हणजे अन्नछत्रे आणि धर्मशाळा, बांधली होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र त्यांपैकीच एक. ही छत्रे आपल्याकडे राहू द्यावीत, अशी विनंती करणारे पत्र दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०१ साली तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटला लिहिले. छत्रात काय काय होते याचे वर्णन त्यात आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना शिजवलेला भात मिळे. ज्यांना शिजवलेले अन्न चालत नसे त्यांना कोरडा शिधा दिला जाई. तान्ह्या मुलांसाठी दूध असे, आजाऱ्यांसाठी वैद्य असे. वाढलेले न खाणारा माणूसही येणार, हे त्या व्यवस्थेने गृहीत धरले होते. राजाच्या तिजोरीवर चालणाऱ्या छत्राची तुलना भाड्याच्या जागेत चालणाऱ्या धंद्याशी करणे अन्यायाचे होईल, आणि तशी ती मी करीत नाही. परंतु मोठ्या स्वयंपाकघराला सगळी माणसे सारखी धरल्याखेरीज चालताच येत नाही, हे म्हणणे या उदाहरणापुढे टिकत नाही.

आता धंद्याकडे वळू. चेन्नईत जेवणाच्या विक्रीच्या अनेक रीती शेजारी शेजारी नांदतात. ज्या मिठाईच्या दुकानामुळे अड्यारचे नाव देशभरच्या पाट्यांवर गेले, त्या अड्यार आनंद भवनात जिन्नसागणिक दर असतो. ज्याने काही घेतले नाही त्याला काही द्यावे लागत नाही. ‘मील्स रेडी’ अशी पाटी लावणाऱ्या भोजनगृहांत दोन प्रकार दिसतात. एक ‘अळवु साप्पाडु’, म्हणजे मापाचे जेवण. आणि दुसरे, पानावर पुन्हा पुन्हा वाढले जाणारे अमर्याद जेवण. या दुसऱ्या प्रकारात एका पानावर दोघांनी जेवू नये, असा दंडक असतो आणि तो रास्त आहे. पण जो पानावर बसलाच नाही त्याचे काय, हा प्रश्न तेथे सहसा उद्भवत नाही, कारण पान मांडलेले आहे की नाही हे उघड दिसते. बुफेत पान नाही, वाढपी नाही. म्हणून तेथे माणूसच मोजला जातो.

ही पद्धत मूळची स्वीडनमधील. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ती अमेरिकेने पाहिली, १९५८ मध्ये टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलाने ती ‘वायकिंग’ या नावाने जपानात नेली, आणि आपल्याकडे पंचतारांकित हॉटेलांतून ती हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. तिचे गणित सरासरीवर उभे असते. समजा दर ६०० रुपये आहे. एखादा तरुण त्याहून अधिक किमतीचे खाईल, एखादी वृद्ध स्त्री दोन पुऱ्या आणि दहीभात खाऊन हात धुईल. दोघे मिळून मालकाचा हिशेब जुळतो. म्हणजे कमी खाणारा हा जास्त खाणाऱ्याचे पैसे नेहमीच भरीत असतो. मग मालक विचारू शकतो की, दोन घास खाणाऱ्याकडून पूर्ण दर घेतलेला तुम्हाला चालतो, तर एकही घास न खाणाऱ्याकडून घेतल्यास एवढे काय बिघडले?

त्याची दुसरी तक्रार याहून वजनदार आहे. न जेवणाऱ्याला मोकळीक दिली की लबाडीला वाट मिळते. एकाने ताट घ्यायचे आणि तिघांनी त्यातून ‘चाखायचे’, हे आपल्याकडे घडतच नाही असे छातीवर हात ठेवून सांगता येईल काय? शिवाय रविवारी दुपारी दाराशी रांग लागलेली असताना अडलेली एक खुर्ची म्हणजे बुडालेले एक गिऱ्हाईक. भाडे, वीज, पगार हे खर्च खुर्चीवर बसलेला माणूस जेवतो की नाही हे पाहत नाहीत.

एवढे सगळे मान्य करूनही मला पूर्ण दराची आकारणी पटत नाही. दोन घास खाणारा आणि काहीच न खाणारा यांत अंतर आहे, आणि ते मोजता येण्याजोगे आहे. दोन घासांचे वजन करणे मालकाला शक्य नाही. ताट घेतले की नाही हे पाहणे मात्र सहज शक्य आहे. सरासरीच्या गणितात खाणाऱ्यांची सरासरी काढायची असते. न खाणाऱ्याला त्यात ओढणे म्हणजे विकला न गेलेला माल विकला म्हणून लिहिणे. लबाडीच्या भीतीचेही तसेच. चाखताना आढळेल त्याच्याकडून पूर्ण दर जरूर घ्यावा. परंतु काही लोक फसवतील म्हणून उपवास करणाऱ्या आजींनी दंड भरावा, हा न्याय उलटा आहे.

आणखी एक गोष्ट मालकांच्या ध्यानात येत नाही असे दिसते. आजी आल्या म्हणून बाकीचे चौघे आले. त्या घरी थांबल्या असत्या तर सूनही थांबली असती, आणि मग मुलांना घेऊन कोण निघाले असते? कुटुंब ही सुटी माणसे जोडून केलेली बेरीज नव्हे. जिचे ताट रिकामे राहिले तिनेच चार ताटांचे गिऱ्हाईक आणले, आणि दुकानदाराने तिलाच फुकटी ठरविले.

या नियमाचा खरा भार सधन कुटुंबावर पडत नाही. ते कुरकुरून पैसे देते. तो पडतो आजारी आणि वृद्ध माणसांवर. अड्यारसारख्या ठिकाणी हे विशेष जाणवते. कर्करोगावरील औषधांनी अन्नाची चव जाते, वासानेही मळमळते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे. अशा माणसाला महिनाभर चार भिंतींत काढल्यावर एखादी संध्याकाळ आपल्या माणसांत, उजेडात, गडबडीत बसावेसे वाटते. त्याच्यासाठी पूर्ण ताटाचे पैसे भरावे लागणार असतील, तर उपचारांच्या खर्चाने आधीच वाकलेले कुटुंब काय करील? त्याला खोलीवर ठेवून जाईल. किंवा, आणि बहुधा असेच होते, कोणीच जाणार नाही. मधुमेही आजोबांची तऱ्हा वेगळी. पैसे तर गेलेच, मग निदान गुलाबजाम तरी खा, असा आग्रह सुरू होतो. ‘पैसे वसूल’ करण्याची आपली हौस पथ्यावर मात करते. आजोबा खातात, किंवा पानात घेऊन टाकतात. त्यात तब्येतीचे नाही तर अन्नाचे नुकसान होते, आणि मालकाला त्या सक्तीच्या ताटातून फारसा नफाही उरत नाही.

या पेचातून वाट काढण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. पुण्या-मुंबईच्या खानावळींत ‘खाडा’ नावाची सोय असे. महिन्याचे पैसे भरलेल्या सदस्याने जेवायला येणार नसल्याचे आदल्या दिवशी सांगितले की त्या जेवणाचे पैसे वजा होत. न सांगता गैरहजर राहिला तर खाडा धरला जात नसे, कारण त्याच्या वाटणीची भाकरी थापून झालेली असे. या साध्या नियमात मालकाचे हित आणि जेवणाऱ्याचे हित दोन्ही सांभाळले जात. रेल्वेनेही उशिरा का होईना हा विचार केला. राजधानी, शताब्दी या गाड्यांच्या तिकिटात जेवणाचे पैसे धरलेलेच असत. २०१७ पासून तिकीट काढतानाच जेवण नको असे सांगण्याची सोय झाली. बसण्याची किंमत वेगळी आणि खाण्याची वेगळी, हे एवढ्या मोठ्या यंत्रणेला जमू शकते.

कायद्याने येथे मदत होईल काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूची वा सेवेची किंमत जाणून घेणे हा ग्राहकाचा हक्क म्हणून नोंदविला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये, उपाहारगृहांनी बिलात सेवाशुल्क परस्पर जोडू नये, असे मार्गदर्शक नियम काढले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. त्या नियमांत न जेवणाऱ्या माणसाचा उल्लेख नाही, आणि प्रत्येक बारीकसारीक बाबीसाठी कायदा असावा असेही मला वाटत नाही. त्यांमागील विचार मात्र येथे लागू पडतो: जे मागितले नाही त्याचे पैसे गिऱ्हाइकाला न विचारता बिलात येऊ नयेत.

म्हणून उपाहारगृहांनी न जेवणाऱ्यासाठी बसण्याचा एक वेगळा, माफक दर ठेवावा आणि तो आत शिरण्यापूर्वी दिसेल असा लिहावा. त्या दरात एखादे पेय द्यावे. ताक, शहाळे, लिंबूपाणी, काहीही. आजींनाही नुसते पाणी पीत बसण्यापेक्षा ते बरे वाटेल, आणि खुर्चीचे भाडेही निघेल. गर्दीच्या वेळी हा दर थोडा अधिक असला तर त्यात गैर नाही. मंगळवारी दुपारी अर्धी टेबले रिकामी असताना मात्र तो घेण्याचे कारण उरत नाही. लहान मुलांसाठी वयानुसार कमी दर बहुतेक ठिकाणी असतोच. तीन वर्षांचे मूल किती खाईल याचा अंदाज ज्यांना करता येतो, त्यांना उपवासाच्या माणसाचा हिशेब अवघड का जावा?

गिऱ्हाइकाकडूनही काही अपेक्षा आहे. टेबल राखून ठेवताना फोनवरच सांगावे की आम्ही पाच जण आहोत, चौघे जेवणार आहेत आणि एकाचा उपवास आहे. बिल हातात आल्यावर घातलेला वाद दोघांनाही कडू होतो. एकदा ताट घेणार नाही असे ठरले की मुलाच्या ताटातली जिलेबी उचलू नये, मग ती कितीही गरम आणि समोर असो. आणि नियम आधीच लिहिलेला असून तो पटत नसेल, तर चार पावले पुढे जिन्नसागणिक दर घेणारे दुसरे उपाहारगृह असते. अड्यारमध्ये तर ते असतेच असते.