आधी बसवलेली झडप
१९९३ साली अमेरिकेतील डेटोना आणि टॅलाडेगा येथील शर्यतींत रस्टी वॉलेस यांची मोटार भरकटून हवेत उडाली व कोलांट्या खात गेली. ते बचावले. वेगात उलट्या दिशेस फिरलेल्या मोटारीच्या छतावरील हवेचा दाब घटतो आणि ती पंखाप्रमाणे उचलली जाते. म्हणून १९९४ पासून नॅसकारने छतावर झडपा सक्तीच्या केल्या. एरवी त्या मिटलेल्या असतात. मोटार फिरताच घटलेल्या दाबामुळे आपोआप उघडतात व उचल मोडतात. त्या क्षणी चालकास विचार करण्यास अवधी नसतो.

श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रतही असेच आहे. बाजार तेजीत असताना लोभाची मर्यादा ठरवता येत नाही. ती शांत चित्ताने आधीच ठरवलेली असावी लागते.