विश्लेषण : पीडिताने माफ केलं, मग शिक्षा कशाला? ख्रिस्ती धर्मातली क्षमा नेमकं काय सांगते?

ग्रॅहम स्टेन्स हत्याकांडातील दोषी महेंद्र हेम्ब्रम एप्रिल २०२५मध्ये चांगल्या वर्तणुकीच्या आधारावर ओडिशातील तुरुंगातून सुटला. मुख्य दोषी दारा सिंह यानेही मुदतपूर्व सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आहे. त्यामुळे जुनाच युक्तिवाद पुन्हा ऐकू येऊ शकतो : स्टेन्स यांच्या पत्नीने तर केव्हाच माफ केलंय, मग अडलंय कुठे? हा युक्तिवाद चुकीचा आहे. तो का, हे समजून घेऊ.

प्रकरण काय होतं?

ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स १९६५पासून ओडिशातील बारिपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करत होते. २२ जानेवारी १९९९च्या रात्री मनोहरपूर गावात ते आपल्या गाडीत झोपले होते. सोबत १० वर्षांचा फिलिप आणि ६ वर्षांचा टिमोथी ही मुलं होती. जमावाने गाडी पेटवली. तिघेही जळून मेले.

पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं जाहीर केलं. मुलगी एस्थरला घेऊन त्या भारतातच थांबल्या आणि पुढची काही वर्षं कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं. २००५मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. मात्र क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, हीच त्यांची भूमिका होती. खटला चालला. दारा सिंहची फाशी उच्च न्यायालयात जन्मठेपेवर आली आणि २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

बायबल काय सांगतं?

किती वेळा माफ करायचं, सात वेळा? असं शिष्य पेत्र विचारतो. त्यावर येशू सत्तर गुणिले सात सांगतो. म्हणजे ४९० मोजून थांबायचं असं नाही, तर मोजणंच सोडायचं. पुढे तो एका चाकराची गोष्ट सांगतो. राजा त्याचं दहा हजार तलांतांचं कर्ज माफ करतो. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तलांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. म्हणजे माफ झालेलं कर्ज वसूल करायच्या कर्जाच्या सहा लाख पट! देवाने आपलं एवढं सोडलं, तर आपण दुसऱ्याचं थोडं सोडावं, हा ख्रिस्ती क्षमेचा पाया आहे. समोरचा त्या लायकीचा आहे का, हा प्रश्न तिथे येत नाही.

मग शिक्षाही सोडायची का?

तसं बंधन नाही. सिस्टर राणी मारिया यांची १९९५मध्ये मध्य प्रदेशात बसमध्ये हत्या झाली. त्यांच्या बहिणीने २००२मध्ये तुरुंगात जाऊन मारेकरी समंदर सिंहला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेलाही पाठिंबा दिला आणि २००६मध्ये तो सुटला. ग्लॅडिस यांनी शिक्षेचा विषय कायद्यावर सोडला, तर या कुटुंबाने सुटकेला हातभार लावला. क्षमा दोन्हीकडे खरी होती. मनातला सूड सोडणं पीडिताच्या हातात असतं. शिक्षा ठरवणं ही राज्यव्यवस्थेची जबाबदारी आहे, कारण गुन्हा एका कुटुंबापुरता नसतो.

गल्लत केली तर काय होतं?

याचं उत्तर चर्चच्याच इतिहासात आहे. अनेक देशांत पाद्रींनी मुलांवर लैंगिक अत्याचार केले, तेव्हा ‘ख्रिस्ती आहात, माफ करा’ असं सांगून पीडितांना गप्प बसवलं गेलं आणि गुन्हेगारांची फक्त बदली झाली. येशूची शिकवण तिथे ढाल म्हणून वापरली गेली. त्याच येशूला भेटल्यावर करवसुली करणारा जक्कय, लुबाडलेल्याच्या चौपट परत करायला तयार झाला होता. पश्चात्ताप खरा असेल तर भरपाई करायचीही तयारी असते.

म्हणून हेम्ब्रम असो वा दारा सिंह, त्यांच्या सुटकेचा निर्णय वर्तणूक, नियम आणि गुन्ह्याचं गांभीर्य यांवरच व्हायला हवा. ग्लॅडिस यांची क्षमा त्या फायलीत पुरावा म्हणून जोडण्याची गोष्ट नाही. आणि ज्यांना अजून माफ करता आलेलं नाही, अशा पीडितांना ‘त्यांनी केलं, तुम्हाला का जमत नाही?’ असं विचारण्याचा हक्क कोणालाही नाही. मागून घेतलेली क्षमा ही क्षमा राहत नाही, वसुली होते.