ओझे कुणाच्या पाठीवर?



दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, डोंगरमाथ्यावर, माचू पिच्चू या पंधराव्या शतकातील नगराचे दगडी अवशेष आहेत. तिकडे जाणारी इंका लोकांची जुनी पायवाट चालायला चार दिवस लागतात. वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. वाटेतली खिंड ४,२०० मीटरहून उंच. मोकळ्या हातांनी चढतानाही धाप लागते. पण प्रवाशांचे तंबू, भांडी, शिधा पाठीवर घेऊन डोंगरगावचे हमाल त्यांच्या आधी मुक्कामी पोहोचतात!

२००१ साली पेरूत या हमालांसाठी कायदा झाला. ओझे २० किलोपेक्षा जास्त नको, असे ठरले. वाटेवर वजनकाटा आला. आपल्याकडे माथाडी कायदा १९६९ चा. कायदा कागदावर असून भागत नाही, काट्याकडे लक्ष ठेवावे लागते, हे माथाडी भावांना सांगायला नको.

मुलांना माचू पिच्चूचे चित्र दाखवाल, तेव्हा या हमालांचीही गोष्ट सांगा.