कुत्र्याचा निसर्ग, कोंबडीचा गुन्हा

कोंबडी मेली तर दोष कोंबडीच्या मालकिणीचा, हे तत्त्वज्ञान महाड औद्योगिक वसाहतीच्या आसपास अलीकडे फार आदराने ऐकून घेतलं जातं. त्याचे प्रणेते एक सद्गृहस्थ आहेत. कंपनीतून निवृत्त, वाचन चांगलं, बोलणं मऊ, संध्याकाळी फिरायला निघताना खिशात बिस्किटाचा पुडा. नाव घेत नाही. घेतलं तर ते खूश होतील. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. शिकार हा कुत्र्याचा निसर्ग आहे. तो मारतो तो भुकेपोटी, आणि ही भूक माणसानेच त्याच्यावर लादली, कारण कारखाने आले आणि रानं गेली. कोंबड्या मोकळ्या सोडणं हा मागासलेपणा. कोंडून ठेवा, नाहीतर पाळू नका. कायदा कुत्र्याच्या बाजूने आहे, तेव्हा गप्प बसा. हे शेवटचं ते तोंडाने म्हणत नाहीत, नुसते हसतात.

आधी ती भूक बघू. कुत्र्यांनी फोडलेलं खुराडं ज्याने सकाळच्या उजेडात पाहिलंय, तो भुकेची गोष्ट पुन्हा काढणार नाही. बिरवाडीकडच्या एका परसात मी ते पाहिलं. दाराची फळी खालून उचकटलेली, पातळ कोंबडीजाळी ओढून वाकवलेली. कोंबड्या अंगणभर पसरलेल्या: कुणी अळवाच्या वाफ्यात, कुणी न्हाणीच्या दगडाशी, तलंगा सगळ्या एका कोपऱ्यात एकीवर एक. पाठीवर आणि पंखांखाली सुळ्यांची भोकं, पिसं ओली. खाल्लेली एकही नाही. खुडूक कोंबडी टोपलीतून उठून गेलेली आणि तिच्याखालची अंडी गार पडलेली. एक जिवंत होती. पाठीची कातडी सोलून निघालेली, तिला घरची बाई हळद आणि खोबरेल लावत होती. आवाज करत नव्हती, ना कोंबडी ना बाई.

भुकेलं जनावर असं वागत नाही. मुंगूस मानेला धरतो. रानमांजर एक उचलतं आणि पसार होतं. बिबट्या शेळीचा गळा धरतो आणि शक्य झालं तर ओढून नेतो. कुत्र्यांचं टोळकं शेळीवर मागून पडतं. मांडी आणि कास फाडतं, आणि शेळी उभी असतानाच पुढच्या शेळीकडे वळतं. खेड्यातली कुठलीही म्हातारी जखम बघून सांगते की हे काम कुणाचं. सद्गृहस्थांना तेवढं वाचन करावंसं वाटलेलं नाही.

याचं कारणही गूढ नाही. शिकार हे एक काम नसून कामांची साखळी आहे: हेरणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं, खाणं. लांडग्यात ही साखळी पोटाशी बांधलेली असते, कारण वायफळ धावणारा लांडगा जगत नाही. कुत्र्याला माणसाने हजारो वर्षं स्वतःच्या सोयीने घडवलं, आणि त्यात साखळीच्या कड्या सुट्या झाल्या. मेंढ्या वळणारा कुत्रा पाठलागापाशी थांबतो. पक्षी आणून देणारा कुत्रा पकडण्यापाशी. आपल्या गावठी कुत्र्याला खाण्याशी कर्तव्य नसतानाही पाठलाग आणि चावा सुटत नाही. फडफडणारा पंख दिसला की तो धावतो. रानात इतर पाखरं उडून जातात आणि खेळ संपतो. खुराड्यात कोंबड्या उडू शकत नाहीत, फडफडत राहतात, म्हणून शेवटची फडफड थांबेपर्यंत तो थांबत नाही. पोट भरलेलं असो वा रिकामं. उलट भरलेल्या पोटाला धावायला दम जास्त.

आणि पोट भरतं कुठे? नांगलवाडी फाट्यापासून वसाहतीत या. कँटीनचा उरलेला भात, पाळी सुटल्यावर गेटाबाहेर टाकलेली चपाती, महामार्गावरच्या ढाब्यांची हाडं, चिकनच्या दुकानांनी रात्री नदीकाठी नाहीतर रस्त्याकडेला ओतलेली आतडी. वॉचमनला रात्री सोबत हवी म्हणून गेटाशी चार कुत्री. कंत्राटी मजूर पिल्लू पाळतो, काम संपतं, खोली सोडून गावी जातो. पिल्लू मोठं होऊन इथेच राहतं. कुत्रीला जेमतेम ६३ दिवसांत पिल्लं होतात, वर्षातून दोनदा ती माजावर येऊ शकते. त्यातली किती जगतात हे त्या गल्लीत अन्न किती सांडतं यावर ठरतं. म्हणजे संख्या आपण वाढवतो, अन्न आपण घालतो, आणि रात्री तेच कुत्रं शेजारच्या परसात उतरलं की आपण त्याला निसर्ग म्हणतो! ‘रानं गेली’ हा तर विनोद आहे. कुत्रा सह्याद्रीच्या रानातून आलेला नाही. तो माणसाच्या उकिरड्यामागून आलेला आहे आणि आजही उकिरडा सोडायला तयार नाही.

मांजरही पिलू नेतं, असा एक पोटमुद्दा ते मांडतात. नेतं. एक नेतं.

आता ‘कोंडून ठेवा’. रात्री कोंडलंच पाहिजे, यात वाद नाही. पण दिवसाही कोंडलेली गावठी कोंबडी म्हणजे तोट्याचा धंदा. ती परसात वाळवी, किडे, सांडलेलं भात आणि खरकटं खाते, म्हणून तिच्या अंड्याला खर्च येत नाही. कोंडली की विकतचं खाद्य आलं, आणि मग तिचं अंडं ट्रेमधल्या अंड्यापुढे टिकत नाही. मागासलेपणाचंही बघू. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातली निघाली, आणि आधीच्या २०१२च्या गणनेपेक्षा परसातली संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. मोठ्या फार्मांची वाढ ५ टक्क्यांच्या आत. ज्याला मागास म्हणतात तेच पुढे चाललंय. का चाललंय, तेही सांगतो: हा पैसा बाईच्या हातात राहतो. भाताचा पैसा नवऱ्याच्या, नोकरीचा मुलाच्या, अंड्याचा तिच्या. शेळी आणि कोंबडी अर्धलीने, अर्ध्या वाट्याने, देता येते, म्हणजे ज्या घरी भांडवल नाही त्या घरीही सुरुवात होते. जुलै २०२१च्या पुरानंतर सावित्रीकाठच्या कितीतरी घरांना नव्याने सुरुवात करायला लागली. त्यांना पोल्ट्री फार्म काढा म्हणून सांगायला कुणी धजावलं असतं का? शिवाय आमच्याकडे राखणदार देवाला कोंबड्याची राखण द्यायची असते, गौरीला तिखटा नैवेद्य असतो. राखणदाराला ब्रॉयलर चालेल का, हेही सद्गृहस्थांनी एकदा सांगून टाकावं.

इथे मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळलंच पाहिजे, कारण सद्गृहस्थांवर टीका केली की ती लगेच माझ्या पाठीवर थाप मारतात. त्यांचे उपाय दोन: मटणात विष, नाहीतर टेम्पोत घालून घाट. या मंडळींशी माझा वाद जुना आहे. विष कावळा खातो, घार खाते, शेतावर वानरं आणि रानडुकरं हाकणारा शेजाऱ्याचा कामाचा कुत्रा खातो. खुराडं फोडणारा बेरड बहुतेक वेळा हुंगून निघून जातो. वर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे ती वेगळी. घाटाचा उपाय त्याहून निर्लज्ज. महाडची कुत्री कशेडीत किंवा आंबेनळीत सोडायची, म्हणजे पोलादपूरच्या डोंगरावरच्या धनगरवाड्यावर सोडायची. तिथे ना कँटीन ना ढाबा. तिथे ती खरोखरच भुकेली होतात, आणि शेळ्यांचा वाडा समोर असतो. ज्याच्या शेळ्या जातात त्याचा आवाज तिठ्यापर्यंत पोहोचत नाही, एवढाच या उपायाचा फायदा. वरंध्यात सोडलं तरी तेच. इकडे मोकळ्या झालेल्या गल्लीत महिन्या-दोन महिन्यांत शेजारची कुत्री येतात, कारण आतड्यांचा ढीग जागच्या जागी असतो. मुंबईचा इतिहास वाचा. १८३२मध्ये कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून तिथे पारशी समाजाने दंगल केली होती. त्यानंतरही मुंबईत कुत्री मारली जात राहिली, थेट १९९४पर्यंत. कुत्री संपली नाहीत, मारणं संपलं.

कायद्याचं मात्र सद्गृहस्थ अर्धंच वाचतात. २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा होता तिथेच सोडायचा. बरोबर. तेच नियम हेही सांगतात की खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवायची, कुठेही आणि कधीही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात परत सोडण्याला अपवाद आहे: रेबीजचा संशय असलेला आणि आक्रमक कुत्रा. ७ नोव्हेंबर २०२५ला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा जागांवरून कुत्री हलवायला सांगितलं, तेव्हा ‘कुत्रा हलवताच येत नाही’ हे वाक्य आता खिशातून काढून टाकावं. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळलेल्या जनावराचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला टाकून देणं हाही गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. चहा आणि वडापावच्या भावात पिल्लू सोडून देता येतं. हा कायदा कुत्र्याच्या बाजूचा म्हणायचा असेल तर म्हणा.

आणि बिबट्याने शेळी मारली तर वन विभाग पंचनामा करतो, भरपाई देतो. कुत्रा वन्यप्राणी नाही, त्यामुळे त्याने मारलेल्या शेळीला त्या कागदात रकानाच नाही. पाळीव म्हणावं तर मालक नाही. म्हणजे नुकसान सगळं बाईचं, आणि वरून निसर्गावर व्याख्यान फुकट.

माझं म्हणणं फार मोठं नाही. जो रोज खाऊ घालतो तो मालक. गेटावर चार कुत्री बसवणारी कंपनी मालक, बिस्किटवाले गृहस्थ मालक, ढाबेवाला मालक. त्यांनी कुत्र्याची नसबंदी आणि लस करून घ्यावी, गळ्यात पट्टा घालावा, आणि खायला वस्तीपासून लांब, कुंपणाच्या आत, ठरल्या वेळी घालावं. गेटावरची कुत्री रात्री आवारातच राहावीत. चिकनच्या दुकानाने आतडी खड्ड्यात पुरावीत. त्यावर ग्रामपंचायतीने लक्ष ठेवावं. कुत्र्याने चावलेल्या शेळीची जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवून त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावी, रेबीजची लस जनावरालाही लागते. चाऱ्यावर कुत्र्यांना बसू देऊ नये. त्यांच्या विष्ठेतला निओस्पोरा हा परजीवी गाईचा गाभ पाडतो. आणि खुराड्याला कोंबडीजाळी न वापरता जाड वेल्डमेश लावावी, तिची कड हातभर बाहेर वळवून मातीखाली दगडांनी दाबावी, म्हणजे खालून उकरता येत नाही. हे शेवटचं काम बाईचं; बाकीचं तिचं नव्हे.

खर्च कुणाचा, हा प्रश्न येईलच. पट्ट्यावरून मालक कळला की नुकसान त्याच्याकडून घ्यावं. ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी, दोन पंच आणि मोबाइलवरचा फोटो पुरेसा. कुत्रा पुन्हा सापडला तर तो रात्री बांधला जावा. मालकाने ‘माझा नाही’ म्हटलं, तर त्या गेटावर दुसऱ्या दिवसापासून त्याचं अन्न बंद आणि कुत्रा नसबंदीच्या गाडीत. कोंबडीची किंमत बाजारातल्या किलोच्या भावाने धरू नये. अंड्यावर बसलेली असेल तर टोपलीतल्या अंड्यांसकट धरावी. किती अंडी होती यावर भांडण होईल. होऊ दे.