खाऱ्या नदीकाठची चित्रे

या पानावर आपण खते, कीड आणि वाणांविषयी नेहमीच बोलतो. आज जरा दूरच्या मुलखात जाऊ. तरी बोलणे शेवटी जमीन आणि पाणी यांवरच येणार आहे, कारण ज्याची दृष्टी शेतीखात्यात घडली त्याला दुसरे काही चटकन दिसत नाही.

अमेरिकेत टेक्सास राज्याच्या नैर्ऋत्य भागात, मेक्सिकोच्या हद्दीला लागून, चुनखडीच्या खोल घळयांचा प्रदेश आहे. रिओ ग्रांदे, पेकोस आणि डेव्हिल्स या तीन नद्यांनी तो कोरला आहे. वाळवंट म्हटले की आपल्याला वाळूचे डोंगर आठवतात. इथे तसे नाही. पाऊस वर्षाला पंधरा ते अठरा इंच, म्हणजे आपल्या माण-आटपाडीच्या माणसाला ओळखीचा वाटावा असाच. वर खडकाळ, काटेरी माळ, आणि चालता चालता एकदम पायाखाली शंभर-दोनशे फूट घळई. तिच्या कडेच्या कपारींत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रे काढून ठेवली आहेत.

थोरली मुलगी आणि जावई सॅन अँटोनिओला असतात. तेथून तीनशे किलोमीटरवर हा मुलूख. गेल्या वर्षी मार्चमध्ये जावयांनी आमचे नाव वाटाड्याबरोबर जाणाऱ्या एका तुकडीत घातले. काही दिवस घळईतून पायी चालायचे आणि काही दिवस पेकोस नदीतून कॅनूने जायचे. कॅनू म्हणजे दोघांनी वल्हवायची लांब निमुळती होडी. त्या वयात होडी वल्हवायची म्हणून सौभाग्यवतींनी नापसंती व्यक्त केली होती, ती येथे नोंदवून ठेवतो.

पांडेल नावाच्या उतारापासून खाली तलावापर्यंत नदीची वाट सुमारे साठ मैलांची. मध्ये गाव नाही, दुकान नाही. नदीचे पात्र सरकारी, पण काठची जमीन बहुतेक खाजगी, म्हणून कुठे उतरायचे आणि कुठे नाही हे वाटाड्याने आधीच ठरवलेले असते. एका टप्प्यात पाण्याने खडकाला पन्हळीसारखे उभे चर पाडले आहेत. तिथे होडीत बसून भागत नाही, उतरून ती ओढावी लागते. गुडघे बोलू लागले, पण आमच्याबरोबरची शहरी तरुण मंडळीही धापा टाकत होती, एवढे समाधान.

पिण्याचे पाणी मात्र बरोबर न्यावे लागले, आणि इथे माझे कान टवकारले. पेकोस ही सुमारे दीड हजार किलोमीटरची नदी, पण खारी. वर न्यू मेक्सिकोत मलागा गावाजवळ जमिनीखालचे खारे पाणी तिच्यात मिसळते. त्याखाली १९३६ साली रेड ब्लफचे धरण झाले, कालवे निघाले, कापूस झाला. पण पाण्याबरोबर मीठही शेतात आले आणि उन्हाने पाणी उडून मीठ मागे राहिले. पुढे पंपाचा खर्चही वाढला आणि कितीतरी जमीन पडीक पडली. आपल्याकडे कृष्णाकाठी उसाच्या रानात पांढरे फुललेले पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. खाली इंडिपेंडन्स नावाचा झऱ्यांचा ओढा मिळाल्यावर पाणी बरेच सुधारते.

आता चित्रांकडे. लुईस घळईच्या मुखाशी वर सपाट कातळ आहे. त्यावर नऊशेहून अधिक आकृत्या कोरल्या आहेत, काही तर मातीच्या थराखाली गाडल्या गेल्या होत्या. आमच्या रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावरची कातळशिल्पे पाहिलेला माणूस तिथे क्षणभर थबकतोच.

पण खरी नवलाई कपारींतल्या रंगीत चित्रांची. ‘व्हाइट शामन’ नावाचे एक चित्र सुमारे २६ फूट लांब आणि १३ फूट उंच आहे. अभ्यासकांनी सूक्ष्मदर्शकाने रंगांचे थर तपासले, तेव्हा आधी काळा, मग तांबडा, मग पिवळा आणि शेवटी पांढरा असा क्रम निघाला. म्हणजे सगळे चित्र आधी मनात ठरलेले होते. रंग गेरूचा, पिवळ्या मातीचा, काळ्या मँगनीजचा. तो कशात कालवला असेल हे पाहण्यासाठी अभ्यासकांनी हरणाच्या हाडातली चरबी आणि युक्काच्या मुळीचा फेस वापरून रंग करून पाहिला. ही मुळी आपल्या रिठ्यासारखी फेसाळते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार ही शैली साडेपाच हजार वर्षांपूर्वी सुरू झाली आणि चार हजार वर्षांहून अधिक काळ चालली. इतक्या पिढ्या एकच रीत चालावी, हे मला चित्रांपेक्षाही मोठे वाटते.

ही माणसे शेती करीत नव्हती. त्यांचे पोट घायपाताच्या जातीच्या झुडपांवर आणि फड्या निवडुंगावर. घायपाताचा गड्डा कच्चा खाता येत नाही. खड्ड्यात दगड तापवायचे, त्यावर निवडुंगाची ओली पाने, मग गड्डे, पुन्हा पाने आणि वर माती. आपल्या रायगडकडची पोपटी तासाभरात होते, हे मात्र सुमारे दोन दिवस चाले. कपारींपुढे अशा फुटलेल्या, भाजलेल्या दगडांचे ढीगच्या ढीग आहेत. घायपाताच्या वाखाच्या चपला आणि चटयाही तिथे कोरड्या हवेत टिकल्या आहेत.

१९६९ साली रिओ ग्रांदेवर दोन्ही देशांनी मिळून आमिस्ताद धरण बांधले. स्पॅनिशमध्ये आमिस्ताद म्हणजे मैत्री. पूर अडवायला ते हवेच होते. १९५४ साली पेकोसला असा लोंढा आला की पाण्यापासून पन्नास फूट उंच असलेला पूल वाहून गेला. पण तलावाने कितीतरी कपारी बुडवल्या. ‘पँथर’ कपारीत नऊ फुटांहून लांब पँथर काढला आहे, आणि तलाव भरला की होडी थेट तिच्या पायथ्याशी लागते. जे पाहणे सोपे झाले त्याच पाण्याची ओल आणि गाळ आता रंगाजवळ आले आहेत. धरण नको म्हणणारा मी नव्हे. मात्र बुडण्याआधी सगळ्या कपारींची नीट नोंद व्हायला हवी होती, असे मला वाटते.

वाटाडा कोणालाही भिंतीला हात लावू देत नव्हता. हाताचा घाम आणि तेल रंगाला खाते. पूर्वी फोटो उठून दिसावा म्हणून चित्रावर पाणी मारणारेही होते. कोकणातल्या आपल्या वाचकांपैकी कोणाच्या सड्यावर कोरीव आकृती असेल तर तिच्यावर खडूने रेघा ओढू नका, जांभ्याची खाण त्या भागात काढण्याआधी पुरातत्त्व खात्याला पत्र टाका, आणि कातळावर साचलेली माती खरवडायला फावडे नव्हे, केरसुणी घ्या.